मुंबईत फॉरेनरच्या नावावर बाइक होते का? होते, पण आधी पत्त्याचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ऑफिसमधली फ्रेंच सहकारी एम्प्लॉयमेंट व्हिसावर दोन वर्षांसाठी बीकेसीत आलीये, तिला नवी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० घ्यायचीये, आणि शोरूमवाला म्हणतो फॉरेनरच्या नावावर पासिंग होत नाही, तुमच्या नावावर घ्या आणि तिला चालवू द्या. वर तिचा भाऊ टुरिस्ट व्हिसावर येणारे, त्याला सेकंडहँड बुलेट घेऊन लडाख करायचंय. मी आरटीओच्या कामात बरीच वर्षं आहे, ताडदेव, वडाळा, अंधेरी, बोरिवली सगळीकडे फायली टाकल्यात आणि त्यात बाहेरच्या देशातल्या लोकांच्याही होत्या, म्हणून जरा लांबच लिहितो, सावकाश वाचा.

पहिली गोष्ट, शोरूमवाला सांगतोय तसा नियम कुठेच नाहीये. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ३९ म्हणतं की रजिस्ट्रेशनशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, आणि कलम ४० म्हणतं की मालकाचं राहणं किंवा धंदा जिथे आहे आणि गाडी जिथे नेहमी उभी असते त्या राज्यात ती रजिस्टर करायची. मालक भारतीय असावा असं त्यात एक अक्षर नाही. म्हणजे आरटीओला तुम्ही कुठल्या देशाचे हे बघायचं नसतं, तुम्ही राहता कुठे हे बघायचं असतं. अख्खी फाइल या एका गोष्टीवर पास होते नाहीतर अडकते, आणि माझ्याकडे अडकलेल्या ज्या फायली येतात त्यातल्या बहुतेक पत्त्यावरच अडकलेल्या असतात, पासपोर्टवर नाही.

मग शोरूमवाला असं का म्हणाला? तो काही वाईट माणूस नाही. हल्ली नव्या गाडीचं पासिंग डीलरच्याच लॉगिनवरून होतं, शोरूममध्ये एक पोरगा बसलेला असतो, तो दिवसभर आधार कार्ड आणि पॅन कार्ड अपलोड करतो, त्याच्यासमोर अचानक पासपोर्ट आणि व्हिसा आला की त्याला माहीत नसतं कुठल्या रकान्यात काय टाकायचं, एकदा फाइल रिमार्क मारून परत आली की डिलिव्हरी लटकते, महिनाअखेर असते, टार्गेट असतं. त्यापेक्षा "होत नाही" म्हणणं सोपं. तुम्ही सेल्समनशी वाद घालू नका, मॅनेजरला भेटा, शोरूमचं आरटीओचं काम बघणारा माणूस कोण ते विचारा आणि त्याच्याशी थेट बोला. तरी ऐकत नसेल तर दुसरं शोरूम बघा, मुंबईत एनफिल्डची शोरूम काही कमी नाहीत. दक्षिण मुंबई, वांद्रे, पवई अशा ठिकाणची शोरूम या बाबतीत जरा सरावलेली असतात कारण तिथे अशी गिऱ्हाइकं येतात.

आता पत्ता. तिचा फ्लॅट कुणाच्या नावावर भाड्याने घेतलाय हे आधी विचारा. माझा अनुभव असा की मल्टिनॅशनल कंपनीच्या लोकांचा लीव्ह अँड लायसन्स करार कंपनीच्या नावावर असतो, लायसन्सी म्हणजे भाड्याने घेणारा म्हणून कंपनीचं नाव आणि राहणारी बाई करारात कुठेच नाही. असा करार आरटीओत दाखवला की समोरचा क्लार्क विचारणार, यात हिचं नाव कुठंय? आणि त्याचं बरोबरच आहे. यावर उपाय दोन. एक, करारात राहणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव ऑक्युपंट म्हणून असेल तर करार आणि सोबत कंपनीचं लेटरहेडवरचं पत्र, ज्यात तिचं पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, पासपोर्ट नंबर, पद आणि राहण्याचा पत्ता असेल, खाली सही शिक्का. दोन, नाव अजिबातच नसेल तर एचआरला सांगून करारात तशी दुरुस्ती करून घ्या किंवा रिन्यूअल जवळ आलं असेल तर तेव्हा नाव घालून घ्या. हे गाडी बुक करायच्या आधी करायचं, नंतर नाही, कारण नंतर तुम्ही डीलर आणि एचआर यांच्यामध्ये फोन फिरवत बसता.

करार रजिस्टर्डच पाहिजे. नोटरी केलेला, शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरचा चालणार नाही. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लीव्ह अँड लायसन्स लेखी आणि रजिस्टर्ड असणं सक्तीचं आहे, ती जबाबदारीही घरमालकाची आहे, तरी अजून काही घरमालक नोटरीवर भागवतात. फॉरेनरच्या बाबतीत यात अजून एक गंमत होते, ऑनलाइन रजिस्ट्रेशन आधारच्या अंगठ्यावर चालतं, तिच्याकडे आधार नसेल तर सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात प्रत्यक्ष जाऊन करावं लागतं, मग एजंट टाळाटाळ करतो. त्याला टाळू देऊ नका.

लाइट बिलाचा इथे उपयोग नाही, ते बेस्टचं असो की अदानीचं, घरमालकाच्याच नावावर येणार. बँक स्टेटमेंटवर पत्ता असेल तर सोबत जोडा, एकट्याने पुरेसं धरू नका.

पत्त्याला सगळ्यात मोठा आधार एफआरआरओच्या, म्हणजे फॉरेनर लोकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी ऑफिसच्या कागदाचा. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर भारतात आल्यापासून १४ दिवसांत रजिस्ट्रेशन करावं लागतं, हल्ली ते ई-एफआरआरओवर ऑनलाइनच होतं, आणि त्याच्या सर्टिफिकेटवर इथला पत्ता असतो. सरकारी कागदावर सरकारने मान्य केलेला पत्ता, यापेक्षा चांगलं काय पाहिजे. फक्त एक बघा, ती आल्यावर आधी सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये राहिली असेल आणि मग वांद्र्याला शिफ्ट झाली असेल तर सर्टिफिकेटवर जुनाच पत्ता असतो. तो ऑनलाइन बदलून घ्या. करारावर एक पत्ता आणि एफआरआरओवर दुसरा असं दिसलं की फाइल परत आलीच समजा. आणि घरमालकाने फॉरेनर राहायला आल्याची माहिती देणारा फॉर्म, ज्याला लोक फॉर्म सी म्हणत आलेत, भरलाय का तेही विचारा, फॉरेनर राहायला आला की २४ तासांत तो भरायचा असतो, आरटीओ तो मागत नाही पण नसला तर त्रास वेगळ्या दाराने येतो.

आधारबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे की फॉरेनरला आधार मिळत नाही. मिळतं. आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलं असेल तर रहिवासी म्हणून अर्ज करता येतो, आधार नागरिकत्वाचा पुरावा नाहीच मुळी, आणि फॉरेनरच्या आधारची मुदत साधारण व्हिसाबरोबर संपते. दोन वर्षं राहणार आणि बाइक घ्यायची एवढी घाई नसेल तर माझा सल्ला, सहा महिने होऊ द्या, आधार काढा, मग बाइक घ्या. गाडीचं पासिंग, पुढे विकताना नाव बदलणं, लायसन्स, सगळं ऑनलाइन आधारच्या ओटीपीवर चालतं, आधार नसला तरी काम होतं पण प्रत्येक वेळी काउंटरला उभं राहावं लागतं. घाई असेल तर पासपोर्टवर करा, होतं.

नावाचं एक सांगून ठेवतो. आपल्या फॉर्ममध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लागतंच, रकाना रिकामा सोडता येत नाही, आणि तिच्या पासपोर्टवर ते नसतं. तिच्याकडून वडिलांचं नाव स्पेलिंगसकट लिहून घ्या. फ्रेंच लोकांना दोन-तीन फर्स्ट नेम असतात, पासपोर्टवर सगळी छापलेली असतात पण ऑफिसात एकच वापरतात, मग करारात एक, पॅनवर तीन, इन्शुरन्सवर दोन असं होतं. पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने, सगळीकडे. सेल सर्टिफिकेट म्हणजे फॉर्म २१ छापायच्या आधी डीलरच्या स्क्रीनवर तिने स्वतः नाव वाचून बघायचं, कारण एकदा आरसी छापून आली की स्पेलिंग दुरुस्त करायला परत सगळी वरात.

मोबाइल नंबर तिचाच द्या, तुमचा नाही. चालानचे मेसेज, ट्रान्सफरचा ओटीपी, सगळं त्या नंबरवर येतं. आणि फॉरेनरच्या सिमची मुदत व्हिसाशी बांधलेली असते, व्हिसा वाढवला की सिमचं केवायसीही वाढवून घ्यायचं हे लोक विसरतात, नंबर बंद पडतो आणि मग गाडी विकायच्या वेळी ओटीपी कुठे जातोय ते कळत नाही.

पैशांचं थोडक्यात. दोन लाख किंवा त्याच्यावर रोख डीलरला घेताच येत नाही, तिच्या इथल्या पगाराच्या खात्यातून ट्रान्सफर करा. लोन बघू नका, दोन वर्षांच्या व्हिसावर बँका नाक मुरडतात आणि दिलंच तर आरसीवर एचपी म्हणजे बँकेचा बोजा चढते, जायच्या वेळी ती उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, उगाच एक काम वाढतं. टॅक्स महाराष्ट्रात पेट्रोल टू-व्हीलरला एकरकमी लागतो, ९९ सीसीपर्यंत १० टक्के, त्यावर २९९ पर्यंत ११ आणि त्याच्यावर १२ टक्के. क्लासिक ३४९ सीसीची म्हणजे १२ टक्के. समजा ज्यावर टॅक्स लागतो ती किंमत दोन लाख धरली तर २४ हजार झाले, आणि हे १५ वर्षांच्या रजिस्ट्रेशनचे, ती दोन वर्षंच चालवणार तरी पूर्णच भरायचे. पण ते अगदीच वाया जात नाहीत, इथेच विकली की पुढच्याला परत टॅक्स लागत नाही म्हणून किमतीत थोडं येतं. जीएसटीचं बघाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाइकवर २८ चा १८ टक्के झाला आणि त्यावरच्या बाइकवर ४०, त्यामुळे ती मध्येच हिमालयन ४५० किंवा ६५० च्या प्रेमात पडली तर हा फरक तिला आधीच सांगा.

इन्शुरन्स डीलर देईल तोच घ्या असं नाही, बाहेरूनही घेता येतो. नव्या टू-व्हीलरला थर्ड पार्टी पाच वर्षांची एकदम घ्यावीच लागते, सप्टेंबर २०१८ पासून हे असंच आहे, ओन डॅमेज म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं वर्षाचं घेतलं तरी चालतं. आणि मालक-चालकाचं १५ लाखांचं पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हर असतं, त्याच्याबद्दल खाली बोलतो कारण तुमच्या शोरूमवाल्याच्या आयडियाचा तिथेच बँड वाजतो.

त्याआधी लायसन्स. गाडी नावावर व्हायला लायसन्स लागत नाही, चालवायला लागतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिच्या फ्रेंच लायसन्सवर मोटरसायकलचा ए किंवा ए२ वर्ग आहे का बघा. फ्रान्समध्ये कारच्या बी लायसन्सवर छोटं ट्रेनिंग घेऊन १२५ सीसी चालवता येते पण ती सोय फ्रान्सपुरतीच आहे, त्यावर इथे ३५० चालवली तर लायसन्स नसल्यातच जमा, आणि क्लेमच्या वेळी कंपनी नेमकं हेच बघते. वर्ग बरोबर असेल तर मूळ लायसन्स आणि तिच्या देशातून काढलेलं इंटरनॅशनल परमिट यावर सुरुवात होऊ शकते, पण दोन वर्षं राहणाऱ्या माणसाने इथलं लायसन्स काढलेलंच बरं. कायद्याच्या कलम ९ मध्ये सोय आहे की दुसऱ्या देशाचं त्याच वर्गाचं वैध लायसन्स असेल तर ड्रायव्हिंग टेस्टमधून सूट मिळते, मेडिकल सर्टिफिकेटची अट पूर्ण करून. काउंटरवर हे कलम सगळ्यांनाच पाठ असतं असं नाही. इन्स्पेक्टर म्हणाला टेस्ट द्या तर द्यावी, आठचा आकडा काढायला कितीसा वेळ लागतो, वाद घालून तुमची सुट्टी फुकट जाते.

आता मुख्य. तुमच्या नावावर घेऊन तिला चालवायला द्यायची. आपल्याकडे असं करणारे पुष्कळ आहेत, भावाच्या नावावर, सासऱ्यांच्या नावावर, आणि घरात ते खपूनही जातं. इथे खपवू नका.

बघा, कायद्याच्या नजरेत आरसीवर नाव ज्याचं तो मालक. अपघात झाला, कुणाला लागलं, तर क्लेम ट्रिब्युनलची पहिली नोटीस तुमच्या पत्त्यावर येते. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये तर इथपर्यंत सांगितलंय की गाडी पुढे विकली असली तरी रेकॉर्डवर नाव ज्याचं आहे तोच मालक धरला जाईल आणि जबाबदारी त्याची. इन्शुरन्स आहे म्हणाल, तर आहे, पण चालवणाऱ्याचं लायसन्स त्या वर्गाचं नसेल तर कंपनी जखमीला पैसे देते आणि मग मालकाकडून वसूल करते, म्हणजे तुमच्याकडून. तिचं इंटरनॅशनल परमिट संपलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, एवढं पुरतं. शिवाय लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू दिली म्हणून मालकावर वेगळं कलम, १८०, पाच हजार दंड किंवा तीन महिने किंवा दोन्ही. आणि पोलिसांनी विचारलं की त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं तर ती माहिती देणं कलम १३३ खाली मालकाला बंधनकारक, तेव्हा ती पॅरिसला परत गेलेली असेल तर सांगा काय सांगणार.

तिच्या बाजूनेही बघा ना. ते १५ लाखांचं पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हर मालक-चालकाला असतं, म्हणजे पॉलिसी ज्याच्या नावावर, आरसी ज्याच्या नावावर आणि लायसन्स ज्याच्याकडे, तो चालवत असताना. ती तुमच्या गाडीवरून पडली तर त्यातून तिला एक रुपया मिळणार नाही. गाडी चोरीला गेली तर क्लेमचा चेक तुमच्या नावाने. तिने दोन लाखांवर पैसे घातले आणि कागदोपत्री तिचं काहीच नाही. मैत्री चांगली आहे हे मान्य, पण उद्या तुमचीच नोकरी बदलली, तुम्ही पुण्याला गेलात, मग? चालान तुमच्या मोबाइलवर येत राहणार, सी लिंकवर तर बाइक चालत नाही हे नव्या माणसाला माहीत नसतं, एकदा तिकडे घुसली की समजा तुमच्या नावावर एक पावती. म्हणून सांगतो, कंटाळा आला तरी तिच्याच नावावर करा. कागद एकदाच गोळा करायचेत.

तर नव्या गाडीसाठी फाइल अशी होईल: फॉर्म २० अर्ज, डीलरचा २१ आणि बाइक बनवणाऱ्या कंपनीचा २२, इन्शुरन्स, पासपोर्टची पहिली-शेवटची पानं आणि व्हिसा, एफआरआरओचा कागद, रजिस्टर्ड करार, कंपनीचं पत्र, पॅन असेल तर पॅन, फोटो. मूळ कागद दाखवायला सोबत ठेवायचे. वांद्र्यात राहते म्हणजे अंधेरी, एमएच ०२ मिळेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही आरटीओत रजिस्टर करता येईल असं कायदा म्हणतो, पण उगाच आवडता नंबर पाहिजे म्हणून दुसरीकडे जाऊ नका, आपल्या पत्त्याच्या आरटीओत फॉरेनरची फाइल लवकर सुटते. आणि नंबर पडल्याशिवाय, हाय सिक्युरिटी प्लेट लागल्याशिवाय डिलिव्हरी घेऊ नका, "दोन दिवस चालवा मॅडम, काही होत नाही" असं म्हणणारे भेटतात, काही झालं की ते फोन उचलत नाहीत.

कुणीतरी तिला फ्रान्समधली स्वतःची बाइक आणायचा सल्ला देईल. कार्नेटवर म्हणजे तात्पुरती आणायच्या कस्टमच्या कागदावर आणलेली गाडी इथे रजिस्टर होत नाही, विकता येत नाही, मुदतीत बाहेर न्यावीच लागते, नाहीतर कस्टमची ड्युटी भरा. दोन वर्षांच्या नोकरीसाठी त्याचा विचारही नको.

आता भाऊसाहेब. टुरिस्ट व्हिसावर तीन महिन्यांसाठी येणाऱ्या माणसाच्या नावावर गाडी चढवायची तर परत पत्त्याचाच प्रश्न, आणि इथे उत्तर कच्चं आहे. हॉटेलचा पत्ता म्हणजे राहणं नव्हे. रजिस्टर्ड करार नाही, एफआरआरओ रजिस्ट्रेशन लागत नाही म्हणून तो कागदही नाही, आधार मिळणार नाही, आणि बहिणीचा पत्ता लावतो म्हणाला तर बहीण स्वतःच भाड्याने राहते. दिल्लीत करोल बागला आणि गोव्यात अशा लोकांना बुलेट विकणारे पूर्वीपासून आहेत, त्यांची पद्धत ठरलेली, गाडी कुणा तिसऱ्याच्याच नावावर, सोबत सही केलेले २९ आणि ३० नंबरचे मालकी बदलायचे फॉर्म, एक ऑथोरिटी लेटर, आणि "सगळीकडे चालतं, नो प्रॉब्लेम". रस्त्यातल्या हवालदारापुढे चालूनही जातं. पण इन्शुरन्सच्या दृष्टीने तो त्या गाडीचा कुणीच नाही, आणि लडाखमध्ये अजून एक भानगड आहे, तिथल्या बाइक भाड्याने देणाऱ्यांच्या युनियनचा बाहेरच्या भाड्याच्या गाड्यांना विरोध आहे, ते नाक्यावर थांबवून आरसीवरचं नाव आणि चालवणाऱ्याचा आयडी जुळतोय का बघतात. नाव तिसऱ्याचं आणि चालवणारा गोरा, म्हणजे ही खाजगी गाडी भाड्याने दिलीये असा त्यांचा समज होणारच.

त्यामुळे त्याला माझं सांगणं, विकत घेऊ नकोस, भाड्याने घे, आणि लडाखसाठी थेट लेहमध्येच घे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी पाहिजे, ती भाड्याची कायदेशीर गाडी. पांढरी पाटी म्हणजे खाजगी, ती भाड्याने घ्यायची नाही, मग कितीही स्वस्त असो. मुंबईहून लेहपर्यंत बाइकवरच जायची हौस असेल तर एक रस्ता आहे, बहिणीच्या नावावर बाइक झालेली असेलच, ती दोघं मिळून जाऊ दे, आरसीवाली व्यक्ती सोबत असली की निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत. लायसन्सवर त्याचाही मोटरसायकलचा वर्ग आणि परमिट लागेलच, आणि नुब्रा-पँगाँगसाठी फॉरेनरचं वेगळं परमिट लागतं, त्याचा गाडीशी संबंध नाही.

तरीही तो लांबचा व्हिसा काढून परत आला आणि सेकंडहँडच पाहिजे म्हणाला, तर चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट काढून आरसीशी जुळवा, एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून एचपी, इन्शुरन्स, पेंडिंग चालान बघा. एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर हाय सिक्युरिटी प्लेट बसवलीये का बघा. फॉरेनर लोकांना जुनी बुलेट फार आवडते, उजव्या पायाला गिअर आणि डाव्याला ब्रेकवाली, पण १५ वर्षं झालेल्या गाडीचं री-पासिंग झालंय का आणि कधीपर्यंत आहे हे आधी बघायचं, आवाज नंतर ऐकायचा. दुसऱ्या राज्याची असेल तर बारा महिन्यांपर्यंत त्याच नंबरवर इथे चालवता येते, नुसत्या ट्रिपसाठी एमएच करायची गरज नाही, पण नाव मात्र बदललंच पाहिजे.

तुमच्या मैत्रिणीकडे परत येतो, कारण खरा घोळ होतो तो जायच्या वेळी. एम्प्लॉयमेंट संपलं, शेवटचे दोन आठवडे सामान पॅक करण्यात जातात आणि बाइक राहते. मग कुणीतरी ब्रोकर येतो, रोख देतो, कोऱ्या २९-३० वर सह्या घेतो आणि गाडी घेऊन जातो. ती विमानात बसते आणि रेकॉर्डवर मालक तीच. ती गाडी पुढे कुणाकुणाच्या हातातून जाईल, नाव कधी बदलेल, देव जाणे. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असं कलम ५० आहे, ब्रोकरला त्याचं काही पडलेलं नसतं, त्याला ट्रान्सफरचा खर्च पुढच्या गिऱ्हाइकावर ढकलायचा असतो.

म्हणून दोन महिने आधी विकायला काढा. घेणारा मुंबईतलाच बघा म्हणजे एनओसीची, फॉर्म २८ ची भानगड नाही. ट्रान्सफरचा अर्ज ती इथे असताना, तिच्या चालू मोबाइलवर ओटीपी घेऊन टाका आणि नाव बदललेलं दिसेपर्यंत थोडी रक्कम तिच्याकडे अनामत ठेवायला घेणारा तयार असेल तर उलट चांगलंच, त्यालाही घाई राहते. डीलरलाच द्यायची असेल तर तो आरटीओकडे नोंदणी असलेला ऑथराइज्ड डीलर आहे का विचारा, एप्रिल २०२३ पासून नियम आहे की अशा डीलरला गाडी दिली की फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा, त्यानंतर जबाबदारी डीलरवर जाते. बहुतेक जण फॉर्मचं नाव काढलं की गप्प होतात, त्यावरूनच माणूस कळतो. आणि गाडी दिली त्या दिवशीची, वेळ घातलेली, दोघांच्या सहीची डिलिव्हरी नोट आणि घेणाऱ्याच्या आयडीची कॉपी तिने मेलमध्ये ठेवायची.

एजंट लागतो का? नव्या गाडीला नाही, डीलरच करतो. ट्रान्सफरला आधार असेल तर ती स्वतः करू शकते, नसेल तर लावा. मोटरसायकलच्या नव्या रजिस्ट्रेशनची सरकारी फी ३०० रुपये आहे आणि नाव बदलायची त्याच्या निम्मी, स्मार्ट कार्डचे वेगळे, हे माहीत असलं की एजंट त्याच्या मेहनतीचे किती लावतोय ते तुम्हाला कळेल. फॉरेनरचं काम म्हणून चारपट सांगेल, त्याला सरळ विचारा की पत्त्याला काय लावणार. "ते बघतो मी" म्हणाला तर उठा तिथून, आणि नीट कागद मोजून सांगितले तर अर्धे पैसे आधी द्या, उरलेले आरसीवर नाव दिसल्यावर.